आत्यांच्या नावावर खपवलेली चाल

हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाय — नवऱ्याला न्हाय, लेकीला न्हाय, येडाई देवीपुढं हात जोडतानाबी न्हाय. आज तुम्हाला सांगते. मधी टोकू नका, न्हायतर पुन्हा राहून जाईल.

येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. देवीची गाणी म्हणणारा आराध्यांचा मेळा आमच्याच घरचा. सासूबाई म्होरक्या — आमी त्यांना आत्या म्हणायचो. त्या ओळ टाकायच्या; मी, धाकटी जाऊ सुनंदा आन् भावकीतल्या बायका मागनं ती उचलायचो. नेम एकच — म्होरची जशी टाकील तशीच उचलायची, ती चुकली तरी तशीच. आत्या गेल्या आन् म्होरं उभं राहायचा मान माझ्याकडं आला.

पहिल्याच नवरात्रात देवळापुढं सगळं गाव बसलेलं, संबळ सुरू झाला — आन् मला आत्यांची चालच आठवंना! शब्द तोंडपाठ, चाल पार पुसलेली. काय करणार? तोंड उघडलं आन् येईल तसं गायले. खुरपताना काहीबाही गुणगुणायची, त्यातलंच असंल. मागच्या बायका गांगरल्या. सुनंदानं मातर ती चाल चटकन उचलली, चांगली मोठ्यांदा, आन् बाकीच्या तिच्या मागं आल्या. मग काय रंगलं म्हणून सांगू! म्हातारी माणसं उठून नाचली.

गाणं सरल्यावर शेजारचे मामा म्हणाले, "ही चाल कधी ऐकली न्हाय, बाई." खरं सांगायला काय झालं होतं मला? पर तोंडातनं निघालं, "आत्यांची हाय. लई जुनी. मला एकटीलाच दिली होती."

झालं! तवापासनं मी जुनी चाल सांभाळणारी बाई. गावोगाव मानाचा नारळ माझ्या हातात. पोरांनी देवीच्या गाण्याला बँजो लावला की लोक मला बोलवायचे — अक्का, तुमीच सांगा यांना. आन् मी सांगायची बरं का! आवाज चढवून सांगायची, चाल बदलली की देवी उठून जाते. लाज वाटत नव्हती का? न्हवती वाटत. माझं मलाच ते खरं वाटाया लागलं होतं.

मग एका वर्षी सुनंदानं एक गाणं जलद केलं. झकास झालं होतं — हे आता म्हणते. तवा म्या भर मेळ्यात तिच्या हातातली झांज काढून घेतली. "आत्यांच्या गाण्याचं वाटोळं करतीस? ऊठ!" ती उठली. आत्यांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांच्या उशाशी तीच होती. त्यांनी मला असली चाल कधी दिलीच न्हाय, हे जाणणारी ती एकटी — म्हणून उठवली तिला. गाण्यापायी न्हाय. भ्याले मी.

तिनं आपला मेळा काढला. दर साली चाल बदलायची — कधी संथ, कधी हलगी घालून. लोकं धावायची. मी नाक मुरडायची.

औंदा नवरात्रात येरमाळ्याला तिचा मेळा उभा राहिला. मी गर्दीत, पदर म्होरं ओढून. तिनं माईक घेतला. "आता म्हणते ती चाल आत्यांची न्हाय. माझ्या थोरल्या जावेची हाय. देवळापुढं उभ्या उभ्या केली तिनं." आता लोकं तोंडात शेण घालणार! पर कुठलं काय — टाळ्या! जाऊ जावेचं कौतुक करतीया, एवढंच वाटलं सगळ्यांना.

आन् गायली ती. हलगी घालून, वेग वाढवून, मधीच वळण टाकून. माझी, आन् तरी नवी! कुठल्या कुठल्या गावच्या बायका जाग्यावरनं ती उचलाया लागल्या. अगं बाई गं! एवढ्या बायकांच्या तोंडी माझी चाल! मला बसवंना. गर्दी सारत गेले, सुनंदाच्या मागं उभी राहिले आन् घसा फुटस्तोवर गायले. तिनं वळून बघितलं आन् झांज माझ्या हातात दिली.

चाल माझी हाय. हे म्हणताना आता ऊर भरून येतो. आत्यांच्या नावानं खोटं बोलले, जिनं मला सावरलं तिलाच भिऊन हाकललं — तेबी माझंच हाय.