उपरण्याखालचा भाव

बाहत्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या साप्ताहिकात माझाच शाळासोबती. त्याचा विषय निघाला की अजूनही माझं पित्त खवळतं. खोटं कशाला बोलू?

चारा संपला होता. घोडेगावच्या बाजारात जनावरं विकायला रीघ लागायची. तिथले बैलांचे भाव आमच्या अंकात मी द्यायचो. धूळ खात जायचो, हेड्यांच्या म्हणजे जनावरांच्या दलालांच्या तोंडचे आकडे टिपून आणायचो. एके दिवशी त्या पठ्ठ्यानं पहिल्या पानावर ठोकलं, 'आमचे बंधू ओरडून सांगितलेले भाव छापतात. सौदा उपरण्याखाली होतो, हे त्यांना ठाऊक नाही काय?'

ठाऊक नसायला काय झालं! उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, खरा भाव तिथंच ठरायचा. तोंडानं चाललेला आरडाओरडा नुसता बघ्यांसाठी. पण त्या उपरण्याखाली माझा हात कोण घालू देणार? त्याचा बाप स्वतःच हेडी. घरबसल्या खरे भाव मिळायचे लेकाला! यात त्याची कसली आली हुशारी?

पण लोक त्याचाच अंक मागू लागले. चहाच्या हॉटेलात त्याचा अंक मोठ्यानं वाचला जायचा आणि आमच्यात भजी बांधून द्यायचे. चूक काढायची म्हणून मी त्याचे भाव दर आठवड्याला बारकाईनं वाचायचो. मेल्याची एक चूक सापडेल तर शपथ!

तेवढ्यात माझे वडील गावाकडून बैल विकायला आले. दर आठवड्याला पारावर बसून 'माझ्या लेकानं लिवलंय' म्हणत आमचा अंक वाचून दाखवणारा माणूस. बाजारात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "आबा, या आठवड्याचा भाव मी दिलाय की. तो बघून बोला."

त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला अंक काढला. त्याचा!

"तुझा पेपर मी गावाला वाचून दावतो रं," ते म्हणाले, "पन आज बैल इकायचा हाय."

हेडी आला, आबांचा हात उपरण्याखाली गेला. मी बाजूला उभा. बैलाचं दावं हेड्याच्या हातात देऊन आबा डोळे पुसत माझ्याकडे आले.

"कितीला गेला?" मी विचारलं.

"त्याच्या पेपरात येईल की," आबा म्हणाले.