मामांनी कविता कशी सोडली

आमच्या मामांइतका फॅशनेबल माणूस गोदावरीच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडे झाला असेल तर त्याने कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून त्याखाली गॉगल नक्कीच लावला नसेल. गेवराईत मेन रोडला मामांचं कापडाचं दुकान. मी कॉलेजसाठी त्यांच्या घरी राहायला होते, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही, सोसलेलं सांगते. देशाचे दरवाजे उघडले, बाहेरचा माल आत आला, असं पेपरात छापून यायचं त्या काळात मामांनी आपल्यापुरता गेवराईचा दरवाजा सताड उघडून ठेवला होता. केबलवर जे दिसेल ते आठवड्याच्या आत मामांच्या अंगावर. ढगळ पँटा आल्या तेव्हा त्यांनी अशी काही ढगळ शिवून घेतली, की मामी म्हणाली, "उरलेल्या जागंत ज्वारी भरून ठिवू का?" मामा चिडत नसत. "फॅशन हाय ही. तुला न्हाई कळायचं," एवढंच म्हणत. आमच्या त्या धुळीत पांढरे बूट घालणारे ते एकटेच. थोडं चाललं की थांबायचे, रुमालाने बूट पुसायचे, मग त्याच रुमालाने कपाळ पुसायचे आणि विभूती गेली म्हणून परत घरी यायचे.

एकदा त्यांनी औरंगाबादहून दुकानासाठी बाईचा पुतळा आणला. गोरीपान, डोक्याला केस नाहीत, एक हात कमरेवर. मामांनी तिला बिनबाह्यांचा ड्रेस चढवला आणि दारात उभं केलं. मामीने पाहिलं मात्र! "अगं बया! ही कोण उघडी?" तेव्हापासून रोजचा खेळ सुरू झाला. मामा दुपारी जेवून आडवे झाले की मामी गुपचूप दुकानात जायची, पुतळ्याच्या टकलावरून ओढणी घ्यायची, पदर सारखा करायची आणि कुंकू लावून यायची. संध्याकाळी मामा कुंकू पुसून तिला पुन्हा मॉडर्न करायचे. बाजारच्या दिवशी खेड्यावरच्या बायका दारात थबकत. "शेठ, सून कवा आणली? लई गुणाची दिसती. सासऱ्यापुढं शब्द बोलत न्हाई."

कलेची ओढही तितकीच दांडगी. जे कुणालाच कळत नाही ते मॉडर्न आर्ट, हे त्यांना कुठूनसं समजलं होतं, आणि गिऱ्हाइकांना आपण कळत नाही हे तर त्यांना आधीपासूनच माहीत होतं. मग गोदामाच्या शटरवर त्यांनी स्वतः चित्र काढलं. निळा फराटा, त्यावर लाल गोळे, कोपऱ्यात काहीतरी शिंगासारखं. शेजारच्या भांडेवाल्याने बराच वेळ बघून विचारलं, "रंग संपला व्हता का, मामा?" (मामा माझे, पण गावही त्यांना मामाच म्हणायचं.) मामा म्हणाले, "अर्थ शोध बे." बिचारा भांडेवाला पुढचे काही दिवस रस्ता बदलून जायचा.

आणि सुट्टी! मोठी माणसं वर्षातून एकदा हवापालटाला जातात, हे मामांना पटलेलं. पण मामी म्हैस सोडून हलेना. मग मामांनी दुकानावर पाटी लावली, "मालक महाबळेश्वरला गेले आहेत," आणि घराच्या गच्चीवर बाज टाकून, हाफ पँट आणि गॉगल घालून सुट्टी सुरू केली. खाली कुणी आलं की मी ठरल्याप्रमाणे सांगायचे, "मामा महाबळेश्वरला गेलेत." एवढ्यात वरून आवाज यायचा, "कोण हाय गं?" पाहुणा मान वर करायचा. मामा कठड्यावरून वाकून म्हणायचे, "काल गेलतो. हवा लई गार हाय."

हे सगळं गावाने प्रेमाने घेतलं. गावाचा जीव मेटाकुटीला आणला तो कवितेने. मामांची कविता लांब असायची, आणि त्यांच्या तोंडच्या बोलीशी तिचं काही नातं नसायचं. दिवसभर "काऊन रे, कसं काय?" म्हणणारा हा माणूस कवितेत शिरला की एकदम,

"हे निशिगंधे, गंधवती तू, मंद समीरण वाहे,
तव स्मरणाच्या तीरावरती मन मम तिष्ठत राहे"

असं काहीतरी बोलायला लागायचा. ऐकवायची पद्धत तर फारच वाईट. गिऱ्हाईक कापड पसंत करायचं, मामा मोजायचे, कात्री उघडून कापडावर ठेवायचे आणि तिथेच थांबून कविता सुरू करायचे. कविता संपेपर्यंत कात्री मिटायची नाही. "एस्टी चुकंल शेठ," "म्हातारी बाहेर उन्हात बसलीया," असले बहाणे लोक घरूनच ठरवून येत. एकाला शर्टापुरतं कापड हवं होतं, पण निशिगंधा आवरेना तेव्हा गडी अख्खा तागाच उचलून घेऊन गेला. कापायचं कामच नको! घरात आम्हीही काही कमी नव्हतो. मामांनी घसा खाकरला की मामीला म्हैस आठवायची आणि मला परीक्षा.

अखेर दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटायला जमलेल्या मंडळींसमोर मामा एक कविता म्हणायला लागले आणि दुसऱ्याच कडव्याला दुकान रिकामं व्हायला लागलं. मामांचा चेहरा उतरला. ते मोठ्याने म्हणाले, "थांबा. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एका माणसानं, एका तरी माणसानं, माझी कविता पयल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मधी तोंड न उघडता, तर ठीक. न्हाई तर कविता सोडली. महादेवाची आण!" लोक जागच्या जागी थांबले. मग अशी काही टाळी पडली म्हणता, की तेवढी कवितेला कधी पडली नव्हती. त्या दिवसापासून गाव पाडव्याची वाट बघू लागलं. कुणी चुकून दुकानात रेंगाळलं तर बाकीचे त्याला दंड धरून बाहेर काढत. घरी मात्र मामांनी दुसरी भाकरी घेतली नाही. हात धुताना मला म्हणाले, "खरंच इतकी वाईट हाय का गं?" मी म्हटलं, "वाईट नाही मामा. लांब आहे."

त्याच सुमारास बसस्टँडसमोर नेट कॅफे निघाला. प्लायवूडच्या तीन खोपट्या, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर. मी कॉम्प्युटरचा क्लास केला होता, म्हणून टायपिंगला मी. मामा टाय लावून, अत्तर मारून निघाले. मी म्हटलं, "मामा, तिकडच्यांना तुम्ही दिसत नाही." "त्यांना दिसत नसंल. आपल्याला तर म्हाईत हाय ना, आपण काय घातलंय ते." चॅटिंगच्या खोलीत शिरलो. कुणीतरी इंग्रजीत दोन अक्षरं लिहिली. मी वाचून दाखवलं, "हाय."

"हाय? कोण हाय? काय हाय?"

"मामा, ते नमस्कारासारखं—"

"अगं, हजेरी देतोय तो. भला माणूस दिसतोय. लिही, मी बी हाय."

लिहिलं. समोरचा पळाला. दुसरा आला, "हाय." मामा खूश. "लिही, मी बी हाय." तोही पळाला. रोज तेच. जगभरची माणसं आपण असल्याचं सांगत होती, मामा सगळ्यांना आपणही असल्याचं कळवत होते, आणि पुढे कुणी एक शब्द बोलत नव्हतं. दिवाळी तोंडावर आली. अन् एक दिवस पलीकडून इंग्रजी अक्षरांत उत्तर आलं, "तुमी बी हाय? कुठलं हाय म्हणायचं तुमी? बीडकडचे का?"

मामा खुर्चीतून उठलेच. तो शिरूर कासारकडच्या एका वस्तीवरचा मुलगा निघाला. आखातात कुठल्याशा गोदामात कामाला. म्हणाला, ही बोली वाचून किती दिवस झाले काका, काहीबी बोला. काहीबी बोला! असं मामांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. याला एस्टी चुकायची नव्हती, याची म्हातारी बाहेर उन्हात बसलेली नव्हती. मामांनी टाय सारखा केला आणि निशिगंधा सुरू केली. मी टाइप करत होते. एक कडवं, दोन, तीन. पलीकडे शांत. बातमी कशी फुटली कोण जाणे, कॅफेच्या दारात भांडेवाल्यासकट गर्दी जमली. सगळ्यांचे चेहरे पडलेले. शेवटचं कडवं राहिलं होतं. एवढ्यात पडद्यावर ओळ आली.

"काका, माफ करा. मधी बोलतो."

"बोलला! बोलला बे!" दारात एकच गलका. मामांनी तिकडे बघितलंही नाही. मुलगा लिहीत होता. आई वस्तीवर एकटी आहे. मी पैसे पाठवतो, यंदा ऊसतोडीला जाऊ नको, घरी बसून दिवाळी कर असं सांगितलंय. गावातल्या एसटीडी बूथवर फोन करतो, पण तिला बोलवायला वस्तीवर कुणी जात नाही. तोडीला गेली का घरी राहिली, तेवढं कळेल का? त्याशिवाय घास उतरत नाही.

"लिही," मामा म्हणाले, "उद्या जातो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. कापडाच्या दुकानाला वर्षाची कमाई देणारा दिवस. मामी म्हणाली, "ऐन दिवाळीत? गिऱ्हाईक दारात असताना? डोकं बिकं फिरलं का?" आणि लगेच म्हणाली, "थांबा, भाकरी बांधून देते." मग पदर खोचून गल्ल्यावर बसली.

मामा दिवस मावळायच्या आत परत आले ते सरळ कॅफेत, मला सोबत घेऊन. बूट मातीच्या रंगाचे झाले होते आणि ते त्यांनी पुसले नव्हते. वाटेत मला सांगितलं. वस्तीवर पोचले तेव्हा ट्रॅक्टरची ट्रॉली भरत होती. भांडी, ऊस तोडायचे कोयते, कोंबड्या, लेकरं. म्हातारी वर बोचक्यावर बसली होती. मामांनी मुलाचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "समदी वस्ती चाललीया, दादा. एकलीनं दिवाळी कुणासंग करू?" आणि ट्रॅक्टर सुरू झाल्यावर वरून ओरडली, "त्याला म्हणावं घरीच हाय. दिवाळी करतीया म्हणावं."

मुलगा पलीकडे येऊन बसलेलाच होता. "काका, हाय का आई?"

मामांनी डोळे मिटले. "लिही," म्हणाले. "हाय. मी गेलतो तवा अंगण सारवत व्हती. मला म्हणली, बाजूनं या दादा, वलं हाय. दारात पणती ठिवलीया, एकच, पण मोठी. करंज्या केल्यात. चार फुटल्या, त्या आधी मलाच दिल्या. म्हणली, चांगल्या लेकरासाठी ठिवल्यात. शेरडू मधी मधी येतं, तर त्याला शिव्या देती, अन् त्यालाच करंजीची कड टाकती. मागं पावसाच्या दोन सरी झाल्यात, लिंबाखाली गवत उगवलंय. तुझा जुना सदरा दोरीवर टाकलाय, धुऊन. मी इचारलं, हा कुणाचा? तर म्हणली, त्याचाच हाय, दिवाळीला कापडं धुवायची असत्यात."

मी थांबून मामांकडे पाहिलं. "लिही म्हणतो ना," ते म्हणाले. मी लिहीत राहिले. पडद्यावर पलीकडून काही येत नव्हतं, मला वाटलं लाइनच गेली. मामा सांगत होते. ती आता दिवा लावून उंबऱ्यात बसली असेल, इथपर्यंत सांगून ते थांबले.

बऱ्याच वेळाने एक ओळ आली. "बास काका. दिसली."

बाहेर आलो तर भांडेवाला उभाच. "काय मामा, ऐकली का कुणी?"

"न्हाई बे," मामा म्हणाले. "सुटलात तुमी."

पाडव्याला खरोखरच कविता सुटली. माणूस शब्दाचा पक्का. गिऱ्हाइकांना कापड हातोहात मिळायला लागलं, आणि काही दिवस ती बिचारी कापड हातात घेऊन उगीचच उभी राहायची, आणखी काहीतरी व्हायचं बाकी असल्यासारखी. मामीसुद्धा एकदा म्हणाली, "म्हणा की एखादी. म्हशीला वैरण टाकून झालीया माजी." मामा नुसते हसले.

मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, ऐकली की त्याने. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे एक अक्षर बोलला नाही."

मामांनी हातातली कात्री मिटली. "ती कविता व्हय गं?" म्हणाले. "ती तर मी थाप मारली."

पुढे मी शहरात आले, पुष्कळ कविता ऐकल्या, मोठ्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकल्या. तशी थाप मात्र पुन्हा कुणी ऐकवली नाही.