दुपारी झोपणारा कॉम्प्युटर

चाचा माझ्या टाइपिंगच्या दुकानात आले की आधी माझ्याकडे बघायचेच नाहीत. टेबलाखाली वाकायचे, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला उलटा हात लावायचे आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावल्यासारखे दोन क्षण थांबायचे. "ताप हाय याले," म्हणायचे. मग कंबर धरून उठायचे आणि विचारायचे, "तुमचं कसं हाय, ताई?"

दिग्रसमध्ये त्यांना सगळे चाचाच म्हणत. मूळ धंदा कूलरचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, रंगवायचा, आत पंखा आणि बाजूंना गवताच्या जाळ्या बसवायच्या. गावात कॉम्प्युटर आले तसे ते त्यातही शिरले. नागपूरहून सुटे भाग आणायचे, एसटीत मांडीवर धरून, आणि घरी जोडायचे. "पत्र्याचा डबा, आत पंखा. कूलर काय न् कॉम्प्युटर काय," ते म्हणत. "हवेले रस्ता पायजे, बस."

माझा कॉम्प्युटर त्यांनीच जोडलेला. नव्याकोऱ्या कॅबिनेटच्या कुशीत त्यांनी पत्रा कापायच्या कात्रीनं भलं मोठं भोक पाडलं तेव्हा मी किंचाळलेच होते. भोकाला पंखा लागला, पंख्यावर माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बसला. दुकानामागे जिनिंग होती, कापसातून सरकी काढायची गिरणी. हंगामात रुई उडायची आणि नंतरही कोपऱ्याकोपऱ्यातून निघत राहायची. "हे फडकं दर सोमवारी धुवायचं. तुमच्या उपासासंगं लक्षात राहीन," चाचा म्हणाले. माझा उपास त्यांना ठाऊक होता, हे मला त्या दिवशी कळलं.

ती कापसाची वाईट वर्षं. आमचे हे दुसऱ्या एका जिनिंगमध्ये मुनीम होते, ती बंद पडली. ते घरी बसले आणि घर त्या एका कॉम्प्युटरवर आलं. मी लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका, मिळेल ते टाइप करायची. उन्हाळ्यात जमलं नाही तर दुकान बंद करून पुसदला माझ्या भावाकडे जाऊन राहायचं, असं घरात ठरलं होतं. हे त्या बेताला होकार द्यायचे, पण ताटावरून अर्धपोटी उठायचे.

अशात मला मोठं काम मिळालं. लोकांना घरी लग्नं काढणं झेपत नव्हतं, म्हणून गावात सामूहिक विवाह ठरला होता. सगळ्या जोडप्यांची नावं, गावं, मामेकुळं, पाहुण्यांचे संदेश अशी एक पुस्तिका करायची होती. आयोजकांनी बजावलं होतं, वेळेत झाली नाही तर काम यवतमाळला जाईल. आणि नेमका मे महिना लागला. टिनाच्या छपराखाली कॉम्प्युटर दुपार झाली की आपोआप बंद पडायला लागला. ढाणकीच्या वराचं आडनाव अर्धं टाइप व्हायचं आणि पडदा काळा.

चाचांनी प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट बदलली, पंखा वाढवला, कॅबिनेट भिंतीपासून सरकवलं. उपयोग होईना. मग एक दिवस ते हसत हसत एक छोटासा कूलर घेऊन आले. सुबक, निळ्या रंगाचा, खास कॉम्प्युटरसाठी बनवलेला. त्याचं तोंड पत्र्याच्या नळीनं थेट कॅबिनेटच्या भोकाला जोडलेलं. "आपल्याले कूलर लागते, मंग त्याले काहून नाही?"

आता तुम्ही हसाल. पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात ज्याची काहिली होते त्याच्यासमोर कूलर लावायचा, ही रीतच आहे. मलाही ते अगदी पटलं. आठवडाभर कॉम्प्युटर मजेत चालला. लोक बघायला यायचे. मी मात्र घामाघूम होऊन शेजारी बसलेली असायची.

मग एका सकाळी तो चालूच होईना. चाचांनी पत्रा उघडला आणि ते तिथंच खाली बसले. ओल्या हवेनं आतली रुई भिजून प्रोसेसरवरच्या जाळीत जुन्या गादीतल्या कापसासारखी घट्ट बसली होती. मदरबोर्डवर हिरवट गंज चढला होता.

"माह्या हातानं मेलं हे," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरले. मी रडायची ती त्यांची समजूत घालत बसले.

ते तसेच बोर्ड पिशवीत घालून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते दुसरा बोर्ड घेऊन. "वारंटीत होता. कंपनीनं बदलून देल्ला." बटण दाबलं, पडदा उजळला. पुस्तिकेतलं एक नावही गेलं नव्हतं. निळा कूलर त्यांनी उचलून माझ्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला. "हा तुमच्यासाठी. याले आता दुपारची झोप द्या. आपुन झोपतो, ढोरं सावलीत बसतात, यानंच कायले जागाव?"

म्हणून आम्ही पहाटे दुकान उघडायला लागलो. आमचे हे नावं वाचायचे, मी टाइप करायची. ऊन चढलं की बंद. दारावर यांनीच पाटी लावली: 'कॉम्प्युटर झोपला आहे, चारनंतर या.' पुस्तिका वेळेवर गेली. त्यानंतर काम येत राहिलं, पुसदला जायचा विषय निघाला नाही आणि हे पोटभर जेवायला लागले. त्या कंपनीचं कौतुक मी किती वर्षं केलं म्हणून सांगू! गिऱ्हाईकांना सांगायची, घ्याल तर याच कंपनीचा बोर्ड घ्या. चाचा समोर असले तर मान डोलवायचे.

चाचा गेले तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेले. चाची चुलीशी होत्या. त्यांची मुलगी, जी पूर्वी पहाटे माझ्याकडे टाइपिंग शिकायला यायची आणि आता शाळेत शिकवते, माझ्याजवळ येऊन बसली. कोपऱ्यात एक कॅबिनेट होतं, कुशीला तसंच गोल भोक पाडलेलं. आत कांदे भरले होते.

"हा कॉम्प्युटर माझा होता जी," ती म्हणाली. "अब्बानं माझ्यासाठी जोडला होता. मंग त्याचा बोर्ड काढून तुमच्यात बसवला ना. तुम्हाले मालूम नाही?"

कसली वॉरंटी आणि कुठली कंपनी.

"मी लय रडली होती तवा. अब्बा म्हणे, तुले शिकाचं हाय, त्याईले जगाचं हाय. तू त्याईच्याच दुकानात शिक."

चाची उठून आल्या. "आम्ही त्यात कांदे ठेवतो, बाई. हवा खेळते, सडत नाहीत," म्हणाल्या. त्यांनी आत हात घालून दोन कांदे काढले आणि चिरायला घेतले. "जेवूनच जाजो."

मी जेवले, मागून घेऊन जेवले.