अल्फियाचा पहिला रोजा आणि माझी टूथपेस्ट

आमच्या घरात दात घासण्याचं खातं माझ्याकडे आहे. बाकीची सगळी खाती शबनमकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. हे एक मला मिळालं ते निव्वळ अनुभवाच्या जोरावर, कारण चाळिशीच्या आतच माझ्या तीन दाढा भुसावळच्या डॉक्टरांच्या ट्रेमध्ये पडल्या. तेव्हापासून रोज सकाळी मी आमच्या अल्फियाला बेसिनसमोर उभं करतो, ब्रशवर पेस्ट लावून देतो आणि मोठ्याने शंभरपर्यंत मोजतो. परीक्षा असो, ताप असो, शंभर म्हणजे शंभर. (दीपनगरच्या कॉलनीत आमच्या खिडकीला खिडकी लागून मीराअक्का राहतात. त्या म्हणतात, सलीमभाऊचे शंभर झाले की त्या कुकर लावतात.)

त्या वर्षी रमजान मार्चात आला आणि नऊ वर्षांच्या अल्फियाने जाहीर केलं, की या रविवारी ती पहिला रोजा ठेवणार. आम्ही तडवी मुसलमान. नमाज अरबीत, भांडणं मराठीत. मुलाचा पहिला रोजा म्हणजे आमच्याकडे छोटं लग्नच असतं. नवा ड्रेस, मोगऱ्याचा हार आणि संध्याकाळी रोजा सोडायला चाळीस माणसं. माझे वडील, आबा, त्यासाठी यावलकडच्या गावाहून खास आले होते. नातीची दया येऊन ते म्हणाले, "चिडीरोजा ठेव ना बाय. दुपारी बारा वाजले का सोडून टाक."

"चिडीरोजा लहान मुलांचा असतो," अल्फिया म्हणाली. "मला खरा पाहिजे."

रविवारी पहाटे ती आमच्या आधी उठली. सहरीला दीड भाकरी, दूध, दोन खजूर, वर तांब्याभर पाणी. अजान झाली, रोज्याची नियत म्हणून झाली आणि ती आबांच्या मांडीवर तशीच झोपून गेली. दात न घासता. ही गोष्ट घरात फक्त माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आली सकाळी आठ वाजता. तिथेच घात झाला.

आठला मी उठलो. माझाही रोजा होता. पण माणूस उठतो आधी आणि त्याची अक्कल उठते मागाहून. हातांनी आपलं रोजचं काम सुरू केलं. अल्फियाला उठवलं, बेसिनसमोर उभं केलं, ब्रशवर चांगली बोटभर पेस्ट लावली (स्ट्रॉबेरीच्या वासाची, मीच निवडलेली) आणि मोजायला लागलो. पोरगी अर्धवट झोपेत घासत होती. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. त्रेसष्टला तिचा हात थांबला. आरशात तिचे डोळे बशीएवढे झाले.

"काय झालं?"

"उं," ती म्हणाली. तोंडात फेस. एक बोट छताकडे.

मग माझीही अक्कल उठली. "थुंक! थुंक लवकर!"

ती थुंकेना. थुंकताना चुकून आत गेलं तर, म्हणून तिने ओठ गच्च मिटून घेतले होते. गिळता येत नाही आणि थुंकवत नाही, अशी ती तीन-चार मिनिटं गाल फुगवून उभी राहिली आणि मी शेजारी उभा राहून, स्वतः गाल फुगवून, तिला धीर देत होतो. शेवटी थुंकली. अकरा वेळा चूळ भरली. मग माझ्याकडे वळून, अजिबात न ओरडता, म्हणाली, "पप्पा, माझा रोजा तुटला?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी ऑफिसात स्टोअरला आहे. नट-बोल्टच्या चौदाशे प्रकारांतलं काहीही विचारा, सांगतो. पण हे नव्हतं माहीत. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मला खरोखर स्वतःची लाज वाटली.

आबांकडे गेलो. आबांनी दाढीवरून हात फिरवला. "निंबाची काडी चालते. ओली चालते, वाळेल चालते, दुपारी बी चालते."

"आणि पेस्ट, आबा?"

"पेस्टचं मले नाही मालूम. आमच्या टाइमाले पेस्टच नव्हती." मग जरा विचार करून, कोणी विचारलं नसताना, त्यांनी भर घातली. "पन मानसानं जानूनबुजून रोजा तोडला, तर एकाचे साठ ठेवा लागतात. लागोपाठ."

अल्फियाने भोकाड पसरलं. ते ऐकून खिडकीत मीराअक्का आल्या. त्या शिंदखेड्याकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. "काय व्हयनं भाऊ? पोर कसाले रडी ऱ्हायनी?"

सांगितलं. अक्का हसल्या, रोजा जागच्या जागी आहे म्हणाल्या. "थुकी टाकं ना? मंग रोजा शे तठेच शे. चतुर्थीले मी बठ्ठा दात घासस. गणपती काय रागे भरत नही."

"अक्का, इथे गणपतीला विचारून चालणार नाही हो," शबनम स्वयंपाकघरातून म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "मौलानांना फोन लावा." लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मशिदीत विचारलं, तेव्हा कळलं की मौलाना फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतरच बहिणीकडे नशिराबादला गेलेत. मी म्हटलं, संध्याकाळी येतीलच की. शबनमने नुसतं पोरीकडे बोट दाखवलं. अल्फिया हाराच्या पुडक्यापाशी बसली होती आणि म्हणत होती, "तुटला असेल तर मी हार नाही घालणार. खोटं खोटं नाही घालणार."

खरं तर तेव्हाच स्कूटर काढायला हवी होती. पण माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. मौलाना विचारणार, घशात काही गेलं का. म्हणजे पुरावा पाहिजे. मी अल्फियाला म्हटलं, "हे बघ, मी तेवढीच पेस्ट घेतो, तसंच घासतो, त्रेसष्टपर्यंत तू मोज. थेंबसुद्धा घशात जात नाही, दाखवतोच तुला." (होय, माझा रोजा होता. होय, मला आठवत होतं. ऐन विज्ञानाच्या जोशात माणसाला हे किरकोळ वाटतं.)

अल्फिया मोजायला लागली. मी शिस्तीत घासत होतो. चाळीस. पन्नास. सगळं कोरडं ठणठणीत. बासष्टला खिडकीतून मीराअक्कांनी विचारलं, "काय भाऊ, लागना का फोन?"

आता शेजारीण आपुलकीने विचारते आहे, तर उत्तर नको का द्यायला? मी मान वर केली आणि म्हणालो, "नाही लागला, अक्का."

गेली. सगळी गेली. स्ट्रॉबेरीचा वास सरळ पोटात उतरला. मी आरशात बघितलं. अल्फियाने काही पाहिलं नसावं, असं मी ठरवून टाकलं. "बघ," मी म्हणालो, "काही जात नाही." आणि भराभर चुळा भरून स्कूटर काढली. नशिराबादपर्यंत हायवेवर मागे पोरीला रोज्याची काळजी होती आणि पुढे मला साठचा आकडा दिसत होता.

मौलानांच्या बहिणीच्या अंगणात निंबाचं झाड आहे. त्याखाली खाटेवर मौलाना बसले होते आणि दिवसाढवळ्या, उन्हाच्या साक्षीने, मिसवाकच्या काडीने दात घासत होते.

अल्फिया बघतच राहिली. "तुम्ही पण?"

"मी पण म्हणजे?" मौलानांनी काडी बाजूला ठेवली. तिने सगळं सांगितलं. स्ट्रॉबेरीसकट, अकरा चुळांसकट. मौलानांनी विचारलं, "बेटा, घशाखाली काही उतरलं?"

"नाही. मी खूप वेळ गाल फुगवून ठेवले होते."

"मग रोजा शाबूत आहे. अगदी पूर्ण. पेस्टला चव असते, चुकून आत जायची भीती असते, म्हणून रोज्यात ती टाळायची. मक्रूह, म्हणजे नापसंत आहे, पण तेवढ्याने तुटत नाही. काडी बिनधास्त वापर."

"म्हणजे खरा रोजा? लहान मुलांचा नाही?"

"खरा. माझ्यासारखा."

अल्फियाच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघून माझा जीव भांड्यात पडला. पोरीचा रोजा वाचला, हार वाचला, चाळीस माणसांचा खजूर वाचला. मी उठून "बरं, येतो" म्हणालो. स्कूटरची किल्लीसुद्धा हातात घेतली.

"आणि पप्पांचा?" अल्फिया म्हणाली. "पप्पांनी तर गिळली. बासष्टला."

मौलाना माझ्याकडे वळले. मी किल्ली परत खिशात टाकली. शेवटी सगळं सांगावं लागलं. प्रयोग, पुरावा, मीराअक्का. खाटेमागे दारात उभी असलेली त्यांची बहीण पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"रोजा आठवत होता?" मौलानांनी विचारलं.

"आठवत होता."

"मुद्दाम गिळली?"

"नाही हो. बोलताना गेली."

"मग तुमचा तुटला. चुकून गेली म्हणून साठ नाहीत, ईदनंतर फक्त एक ठेवून द्या." साठावरून एक! मी त्यांचे हात धरले. एवढा आनंद मला पगारवाढीलाही झालेला नाही. "मात्र," ते पुढे म्हणाले, "रमजानचा मान म्हणून आज संध्याकाळपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही."

म्हणजे रोजा नाही, पण उपास आहे. परतीच्या वाटेवर अल्फिया मागे बसून गाणं म्हणत होती आणि मी तेहतीस वर्षांच्या रोज्यांच्या अनुभवासकट, विना रोजा, उपाशी स्कूटर चालवत होतो.

संध्याकाळी चाळीसच्या चाळीस माणसं आली. मीराअक्का साबुदाण्याचे वडे घेऊन आल्या. आबांनी नातीच्या गळ्यात हार घातला आणि डोळे पुसले. अजान झाली. अल्फियाने पहिला खजूर उचलला, अर्धा तोडला आणि सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडात घातला. "घ्या पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही पण दिवसभर उपाशीच होतात ना." चाळीस माणसांनी "का बरं?" म्हणून विचारलं आणि तिने चाळीस माणसांना नीट समजावून सांगितलं.

ईदनंतर तो एक रोजा मी ठेवला. त्या दिवशी पहाटेच आमच्या घरातल्या एका खात्याची बदली झाली. आता मी निंबाची काडी घेऊन बेसिनसमोर उभा राहतो आणि अल्फिया मोजते. बासष्टला ती थांबते, खिडकी लावून घेते, आणि मगच त्रेसष्ट म्हणते.