हसळीत दिसणारा मदन

मदनलालने सातपुड्याची संस्कृती जपण्यासाठी आयुष्य वेचलं. वाक्य माझं नाही. उठावण्याच्या शोकसभेत एका वक्त्याने ते दोनदा उच्चारलं, आणि दुसऱ्यांदा जरा थांबून लोकांना भरून यायला वेळ दिला. नंदुरबारात मिरचीचा हंगाम ऐन भरात होता, वाऱ्याबरोबर खकाणा सभागृहात येत होता, त्यामुळे डोळे तसेही बहुतेकांचे ओले होते. हार घातलेल्या तसबिरीशेजारी मदनने काढलेला एका चांदीच्या हसळीचा मोठा फोटो ठेवला होता आणि लोक त्यालाही हात जोडत होते. मदन माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे आजोबा राजस्थानातून इथे आले आणि चांदीच्या धंद्यात शिरले. तोच धंदा मदनने चाळीसेक वर्षं केला. पहाडातल्या बायका जुने दागिने मोडीत घालायच्या, ते वितळवायचे, आणि त्याच चांदीचे नवे, हलके दागिने त्यांनाच विकायचे. म्हणजे सातपुड्याची संस्कृती त्याने आयुष्यभर वितळवली. जपण्याचा भाग अगदी शेवटचा, आणि तोही मी नको म्हणत असताना घेतलेल्या एका लेन्सचा.

मी पहाडातल्या मोलगी गावात मास्तर होतो. निवृत्त होऊन नंदुरबारला परतलो तरी तिथल्या आठवडी बाजाराचं व्यसन सुटेना, म्हणून मदनच्या जीपमधून जात असे. तो गादी पसरून चांदी मांडायचा, मी शेजारी बसून पेपर वाचायचो. होळीआधीच्या एका बाजारात दितलीबाई आली. वरच्या पाड्यावरची, केस पिकलेली पावरा आदिवासी बाई. आदल्या वर्षी लेकीच्या लग्नासाठी तिने आपल्या आईची हसळी, गळ्यात घालायची ती जाड चांदीची कडी, मदनकडे मोडीत दिली होती. घरची बोली वेगळी, पण शेठशी ती आमच्या अहिराणीत बोलायची.

"शेठ, मन्ही मायनी हसळी दखाड ना. लेनी नई, देखनी शे."

"देखीसन काय करशी?"

"तिनावर मन्हा दात शेतस."

मदनला कळेना, मलाही कळेना. मग तिने सांगितलं. अंगावर पीत असताना, दात येत होते तेव्हा, ती आईच्या हसळीला चावायची. जुनी चांदी मऊ. कडीच्या एका बाजूला तिच्या दातांचे खड्डे होते, आणि शेजारीच तिच्या थोरल्या भावाचे. तो भाऊ लहानपणीच गेला. आईही गेली. फोटो कोणाचाच नाही... खड्डे तेवढे होते.

"तिजोरीमा शे, नंदुरबारले," मदन म्हणाला. "पुढला बजारले दखाडसू."

ती खूश होऊन गेली. परतताना जीपमध्ये मी विचारलं, तर हसळी घेतली त्याच आठवड्यात भट्टीत गेलेली होती. दातांच्या खड्ड्यांना धंद्यात झीज म्हणतात. तिचा वेगळा विचार करावा लागत नाही, ती वजनात आपोआप वजा होते.

"मग खोटं कशाले बोलना?"

"तिले काय सांगू, मास्तर? तुन्हा मरेल भाऊना दात वितळाई टाकात, आसं सांगू?"

पुढे दितलीबाई अधूनमधून विचारायची, तो पुन्हा पुढचा बाजार सांगायचा. त्यातच त्याला एक नाद लागला. मोडीत येणारा प्रत्येक दागिना तो उलटसुलट करून खुणा शोधायचा आणि मोबाइलवर फोटो काढायचा. फोटोत चांदी यायची, खुणा यायच्या नाहीत. त्याच्या मुलाने, पंकजने, स्वतःच्या लग्नात एक बरा डिजिटल कॅमेरा घेतला होता, तो लग्नानंतर कपाटातच होता. त्याला मॅक्रो लेन्स लावली तर मुंगीचा पायसुद्धा दिसतो असं कोणीतरी सांगितलं. रिकामा माणूस म्हणून अभ्यासाचं काम माझ्याकडे आलं. मी इंटरनेटवर चिकार वाचलं आणि कॅमेरा कधी हातात न धरता तज्ज्ञ झालो. निष्कर्ष सोपा होता. साठ मिलिमीटरची लेन्स वस्तूच्या अगदी जवळ न्यावी लागते, शंभरची लांबून तेवढंच मोठं चित्र देते. चांदी चकाकते, जवळ गेलं की आपलीच सावली पडते. तेव्हा शंभरची.

लेन्स नंदुरबारात मिळणारी नव्हती. सुरतला जायचं होतं, पण ते राहत गेलं. दरम्यान मदनचं जेवण कमी झालं, सदरे ढगळ झाले. शेवटी सुरतला गेलो ते रिपोर्ट आणायला. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये पंकजशी बोलत होते, मदन बाकावरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. समोरच्याच्या चेहऱ्यावरून व्यवहार ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. बाहेर आल्यावर त्याने रिक्षावाल्याला कॅमेऱ्यांच्या बाजाराचा पत्ता सांगितला.

"पप्पा, आज?" पंकज म्हणाला.

"आज नई तं कवय?"

दुकानातला पोरगा उत्साही होता. "अंकल, सौ वाला लो. फूल, तितली, कीड़ा, सब दूर से आएगा. कीड़ा भागेगा नहीं."

"चांदी भागती नहीं," मदन म्हणाला.

मी माझा अभ्यास मांडला. त्याने सगळा ऐकून घेतला. मग खिशातलं सराफाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि दोन्ही लेन्सच्या काचा, एखाद्या नथीतला हिरा तपासावा तशा तपासल्या. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं, बघायची वस्तू डोळ्याशी आणायची. लांबून बघतात ते गिऱ्हाईक.

"मास्तर, तुन्हं वाचेल शे, मन्हं देखेल शे," असं म्हणून त्याने साठची उचलली. मग पोरग्याला विचारलं, "इसमें काच का वज़न कितना, और घड़ाई कितनी?" पोरगा हसला. मदन हसला नाही, त्याला खरंच घासाघीस करायची होती. पंकज दुकानाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

चूक पहिल्याच फोटोत दिसली. हसळी गोल आणि घासून लख्ख, म्हणजे बहिर्वक्र आरसाच. साठची लेन्स चार बोटांवर नेल्यावर चांदीत मदन दिसायचा... वाकलेला, ढगळ सदरा, आणि चेहऱ्याच्या जागी काळी लेन्स. तोड्यात तो दिसायचा, कडीत दिसायचा, बांगडीत तर रांगेने दिसायचा. पांढऱ्या कागदाचा आडोसा कर, म्हणून मी सांगितलं. कागदाच्या भोकातून कॅमेरा घातला, तर कागदासकट मदन दिसला. शिवाय इतक्या जवळून एक खड्डा स्पष्ट आला की शेजारचा धूसर, आणि मदनचे हात आता कापत होते. श्वास धरून तो बटण दाबायचा, मग बराच वेळ धापा टाकायचा. फोटो निघाला की दागिना भट्टीवर जायचा. त्यात कधी खंड पडला नाही. मी एकदा म्हणालो, एखादा तरी ठेव. तो म्हणाला, "दुकान शे का संग्रहालय?"

आणि मग एक हसळी आली, दितलीबाईच्या हसळीसारखीच जाड, एका बाजूला दातांचे खड्डे. कोणाच्या लेकराचे, देव जाणे. तिच्यावर त्याने सगळी दुपार घालवली. खड्डे उठून आले, मदनही उठून आला. त्याचा बेत माझ्या लक्षात आला तेव्हा मला तो आवडला नाही. हा फोटो मोठा करून, फ्रेम लावून, तिची हसळी म्हणून दितलीबाईला द्यायचा होता.

"ती वळखी," मी म्हणालो.

"फोटोमा कोन वळखस? दात त्या दात."

आमची शेवटची भेट त्यानंतर थोड्याच दिवसांनी झाली. तो घरीच पडून होता, सलाइन चालू होती, फ्रेम समोरच्या भिंतीला टेकवलेली. बाजाराला जाणं आता होणार नव्हतं, ते त्याला माहीत होतं. बोलताना मध्येच थांबायचा.

"फोटो चांगला शे ना?"

"चांगला शे. पन तू दिसस त्यामा."

"दिसू दे," तो म्हणाला. "तिले समजू दे, कोन व्हता ते..."

खरं सांगायचं की खोटं पुरं करायचं, हे त्याचं ठरलं होतं की नव्हतं, मला त्या वाक्यावरून कळलं नाही. पुन्हा विचारीन म्हणून मी उठलो. चौथ्या दिवशी सकाळी पंकजचा फोन आला. "काका, पप्पा गयात," एवढंच बोलून त्याने फोन तसाच धरून ठेवला, आणि मागून बायकांचं रडणं ऐकू येत राहिलं.

मागच्या आठवड्यात पंकजबरोबर मोलगीला गेलो. गादीवर तो बसला, मी माझ्या जागी. दितलीबाई आली. शेठ गेल्याचं तिला जीपवाल्याकडून कळलं होतं. ती खाली बसली, थोडं रडली, मग डोळे पुसून हसळीचं विचारलं. पंकजने फ्रेम तिच्यापुढे ठेवली. "पप्पानी तुन्हासाठे काढेल शे." तिने काचेवर अंगठा ठेवला आणि एकेका खड्ड्यावरून फिरवला. मी पेपर खाली ठेवला.

"हाई मन्ही नई," ती म्हणाली. रागावली नव्हती. वजन बरोबर नाही, असं सांगावं तसं सांगितलं. मग नखाने चांदीतल्या काळ्या ठिपक्याला टोकलं. "हाऊ शेठ शे ना?"

"हा."

तिने तो ठिपका बराच वेळ पाहिला आणि फ्रेम परत केली. "हाई दुसरी बाईनी शे. ती देखाले ई. तिले दखाडजो. कोठे शे हाई हसळी?"

पंकजने माझ्याकडे पाहिलं नाही. "तिजोरीमा शे, नंदुरबारले," तो म्हणाला. "पुढला बजारले दखाडसू." मदनचाच आवाज, तीच घाई. ती मान हलवून, आपल्या हसळीचं पुन्हा न विचारता, गर्दीत गेली.

फ्रेम आता नंदुरबारच्या दुकानात, तराजूच्या मागे टांगली आहे. फोटोतली हसळी मदनने फोटो काढला त्याच संध्याकाळी भट्टीवर पाठवली होती. त्या दिवशी भाव चढा होता.