गालावरची माशी

बाळाच्या गालावर माशी, आणि मी तिला हाकलायचं सोडून मोबाईल शोधतेय. आधी फोटो, मग माया! सात महिन्यांचं पोर, अंग कोमट लागतंय, आणि ती तिळाएवढी केसाळ माशी ऐटीत बसलेली. फोटो काढला, मगच फुंकर मारली.

फोटो टाकला लखनौतल्या आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर. तिथं सगळे साहेब, नाहीतर साहेबांच्या बायका. मी आठवीपर्यंत शिकलेली. फोटोत माशी कसली, राखाडी ठिपका नुसता. पण निदान पटापट. एक ताई म्हणाल्या, केळी झाकून ठेव. एका काकूंनी गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ धाडली. रिटायर्ड काका एक, जन्मभर पूल बांधलेले, त्यांनी लिहिलं, "ही वालुमाशी. हिच्यामुळे काळा आजार होतो. ताप आहे का?"

ताप! अंग कोमट होतंच की.

नवरा रेल्वेत, ड्युटीवर. फोनवर म्हणाला, "अगं, मच्छर असेल यार. काकांना पुलाचं विचार, माशीचं नको."

हो, तुझं काय जातंय. ई-रिक्षा पकडली, विकास नगरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला. "बुखार नहीं है. दो-दो स्वेटर पहना रखे हैं आपने." फेब्रुवारी संपत आलेला, पण मी काय ऐकतेय! खून जाँच करा म्हणून अडूनच बसले. सुई टोचली तसं पोर श्वास कोंडून रडलं. मग मीही.

रिपोर्ट उद्या मिळणार होता. जिन्यात वरच्या मजल्यावरची दीदी भेटली, शाळेत सायन्स शिकवते. फोटो बघून म्हणाली, "ये तो धब्बा है. बैठती है तो पंख कैसे रखती है?" आता माशीचे पंख कोण बघतं! ती खाली आमच्या घरी आली, बाथरूमच्या भिंतीवर तसल्याच पाच-सहा माश्या बसलेल्या. वरून, जवळून फोटो काढायला लावला. पंख पसरलेले, बदामासारखे. "नाली की मक्खी है. काटती नहीं. बालू वाली पंख उठाकर बैठती है."

मग तिनं मोरीची जाळी उचलली. खाली पिवळा चिकट थर, हातभर. सासूबाईंचा हुकूम, बाळाला रोज तेल आणि मसुराचं पीठ चोळून आंघोळ. बाळाची कांती सुधारली का ते देव जाणे, माश्या मात्र चांगल्या पोसल्या.

रिपोर्ट चांगला आला. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना हातावरची पट्टी दिसली. "फोटो बघून लेकराला सुई टोचलीस? अक्कल आहे का काही?" नवरा माझ्या मागं उभा राहून हसतोय. मोरीतलं मी बोलले नाही, म्हटलं राहू दे, तेवढा मान ठेवू.

पण तुम्हीच सांगा. पोटचं पोर कुशीत, घरात दुसरं कुणी नाही, आणि एवढा शिकलेला माणूस थेट काळा आजार म्हणतोय. तुम्ही काय केलं असतं?