दाजींचा चकचकीत नांगर

माझ्या बहिणीचा नवरा मूर्ख होता हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दाजींविषयी वावगं बोलायचं नाही, ही रीत. मी तोंडावर जन्मभर 'तुमी दाजी' म्हणत राहिलो. आता दोघंही राहिले नाहीत, म्हणून इथे त्याला 'तो' म्हणतो.

जिंतूरच्या बाजूला त्याची काळी जमीन धरणाच्या पाण्यात गेली. मावेजाचा पैसा हातात आला तेव्हा ताई म्हणाली, "पिठाची गिरणी टाकू, आसपास कुठंच न्हाई." पण दाजी तरुणपणी काही वर्षं मुंबईच्या गोदीत गोदामाची दारं उघडायला होता. जहाजावर कधी चढला असेल तर झाडू मारायलाच. गावात मात्र सांगायचा, "मी समिंदर बघितल्याला माणूस हाय." हा माणूस मुंबईला गेला आणि भंगारातली शिडाची होडी ट्रकात घालून परत आला. ही पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा झरीला मास्तर होतो, सुट्टीत ताईकडे जायचो.

होडीबरोबर नांगरही आला. पांढरा, चकचकीत, घडी घालून पिशवीत मावणारा. दुकानातले सगळे नांगर बघून त्याने हाच का निवडला, तर म्हणे दिसायला साहेबी. ताई एवढंच म्हणाली, "जिमीन बुडाली, आता पाणी नांगरा."

धरणात मासे धरणारा एक म्हातारा भोई होता. त्याने नांगर एका बोटावर उचलून पाहिला.

"दोर किती हाय?"

"चाळीस फूट. रेशमावानी."

"पाणी तीस फूट हाय. पाचपट दोर पायजे, न्हाईतर नांगर धरत न्हाई."

"तुमी डबक्यातली माणसं," दाजी म्हणाला. म्हातारा जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं होडीत निघालो. काठापासून बरंच आत गेल्यावर दाजीने नांगर दगड भिरकावावा तसा फेकला, दोराचं टोक बांधलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ताईने भाकरी-पिठलं वाढलं. वारा वाढला. मघाशी समोर दिसणारं काठावरचं चिंचेचं झाड मला मागे गेलेलं दिसलं.

"दाजी, आपुन सरकायलोत."

"आपुन न्हाई, ढग सरकायलेत. जेव गप."

पिठलं संपायच्या आत होडी बुडालेल्या बाभळींवर जाऊन आदळली. फळी फुटली, पाणी आत यायला लागलं. समुद्र पाहिलेल्या माणसाने डोलकाठीला मिठी मारली आणि "मेलो, मेलो, धरा मला" असा टाहो फोडला. ताईने पदर खोचला आणि खाली उतरली. पाणी छातीइतकं होतं. तिने त्याला दंडाला धरून लेकरासारखं काठावर आणलं. तिथे धोतर पिळत तो म्हणाला, "नांगर चांगलाच हाय, खालची जिमीन खराब हाय." ती जमीन त्याच्या आज्याची होती.

होडी दुरुस्त झाली, पण दाजीने पुन्हा तिच्यात पाय ठेवला नाही. 'पाठीत चमक भरते' म्हणायचा. मग ताईच एक दिवस त्या भोयाकडे गेली. म्हाताऱ्याने सांगितलेलं तिला लगेच कळलं, कारण शेतातला नांगर तिने धरला होता. बैल फार जवळ जुंपले की ओढ वर येते आणि फाळ उकरून निघतो. लांब जुंपले की रुततो. इथेही तेच. विहीर धरणात गेल्यापासून मोटेचा जाड नाडा घरात पडून होता. तिने तो घेतला, त्याला आणखी दोर जोडला, खालच्या टोकाला बैलगाडीची साखळी लावली. चारठाण्याच्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचा दोन फाळी नांगर करून घेतला. तो इतका बेढब की दाजीला तो दारात ठेवायचीही लाज वाटे.

पहिल्या काही वेळा बाभळीच्या फांद्याच वर आल्या. एकदा नांगर झाडाच्या मुळांमध्ये अडकला, तेव्हा म्हाताऱ्याने फाळाकडच्या बाजूला दुसरी बारीक दोरी बांधायला शिकवलं, म्हणजे उलटा ओढून सोडवता येतो. पुढे तिचा हात बसला. होडी वाऱ्याच्या तोंडाला वळवायची, शीड उतरवायचं, नांगर हळूहळू तळाला टेकवायचा, होडी मागे जाईल तसा दोर सोडत राहायचं आणि मग बांधायचा. काठावरचा देवळाचा कळस आणि त्यामागचा लिंब एका रेषेत धरायचे. रेष मोडली नाही, म्हणजे नांगर बसला.

मग ती दुपारच्या दुपार पाण्यात मधोमध नांगर टाकून बसायला लागली. एकटीच. दाजी काठावरून तोंडाभोवती हात धरून ओरडायचा, "आगं, च्या ठिव की!" ती तिकडे मान वळवायची नाही.

"ताई, तिथं काय करती गं?" मी एकदा विचारलं.

"काई न्हाई. बसती."

उन्हाळ्याच्या सुट्टीत दाजी माझ्यावर चिडला. "मास्तर, जा की पोहत, आन तिला वढून. भाकरीची येळ झाली."

"मला पोहता येत न्हाई, दाजी," मी म्हणालो. विहिरीत मी आणि ताई एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकलो होतो. तो शिव्या देत चूल पेटवायला गेला. त्याला तीही पेटवता आली नाही.